पाटाला सांगितलेलं स्वप्न

उभ्या आयुष्यात मी जगबुडीची एकच गोष्ट लिहिली, आणि तीही चोरीच्या मालावर. तेव्हा मी अंथुर्ण्याच्या फाट्यावर पाटकरी होतो. कालव्याचं पाणी फाट्यात, फाट्यातलं पाटात आणि पाटातलं ज्याच्या त्याच्या रानात, ज्याच्या त्याच्या पाळीला सोडायचं, हे माझं काम. वय पंचविशीच्या आतबाहेर, लग्न झालेलं, घरात एक रांगती मुलगी, आणि डोक्यात ठाम समजूत की इंदापूर तालुक्यात आपल्यासारखा लिहिणारा दुसरा झालेला नाही. बायको म्हणायची, "दुसरा कशाला हुतोय? एकालाच जेवायला हाका मारून माझा घसा बसलाय."

हल्ली जग संपल्यानंतरच्या गोष्टी पुष्कळ निघतात. नातू घेऊन येतो, मीही वाचतो. गावं ओस पडलेली असतात, उरलेली चार माणसं खायला शोधत हिंडतात, आणि डोळा लागला की न चुकता जुनं काहीतरी पाहतात: चुलीपुढची आई, अंगणातला झोपाळा. नातू विचारतो, आजोबा, या सगळ्या लेखकांना स्वप्नंच कशी सुचतात? पोटाला नाही आणि स्वप्नं कसली बघतात ही माणसं? मी आजवर हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर आत्याचं सांगावं लागतं, आणि ते सांगायचं म्हणजे माझी चोरी उघडी पडते. आता या वयात तिची काय लाज धरायची!

माझी गोष्ट अशी होती. जग बुडालं आहे, पाणी ओसरलं आहे आणि एका माळावर नऊ माणसं उरली आहेत. त्यांना मागचं काही म्हणजे काही आठवत नाही. पण झोपेत दिसतं. सकाळी उठून ती गोलात बसतात आणि रात्री काय पाहिलं ते एकमेकांना सांगतात. एकाला उंबरा दिसलेला असतो, तर दुसऱ्याला त्याच उंबऱ्याशी बांधलेलं वासरू. मग तिथं ती दगड मांडतात, की इथं उंबरा होता. असं करत करत, स्वप्नाला स्वप्न जोडून, माळावर दगडांचं एक गाव उभं राहतं. कल्पना माझी होती, याचा मला फार गर्व होता. स्वप्न मात्र एकही माझं नव्हतं.

आमच्याकडे तेव्हा वाईट स्वप्न माणसाला सांगत नसत. ते आधी वाहत्या पाण्याला सांगायचं. उठल्यावर कोणाशी न बोलता पाण्यापाशी जायचं, एक पाय पाण्यात ठेवायचा, पाहिलं ते सगळं, काही न गाळता, सांगून टाकायचं, चूळ भरायची आणि मागं वळून न बघता घरी यायचं. पाणी ते घेऊन जातं. मग ते खरं होत नाही आणि पुन्हा पडतही नाही. विहिरीला सांगून चालत नसे. विहिरीत ते तसंच राहतं आणि घागरीतून परत घरात येतं, असं आई म्हणायची. त्यामुळं पाळी संपून पाट कोरडा पडला की गावात स्वप्नं तुंबायची, आणि पाणी सुटल्याच्या पहिल्या सकाळी पाटावरच्या पुलापाशी बायकांची रीघ लागायची.

त्याच वेळी मला पुलाखालच्या पट्टीवर पाण्याची उंची बघायची असे. बायका म्हणायच्या, "पाटकरी, जरा तिकडं व्हा की." मी निमूटपणे बाभळीमागं व्हायचो. पाण्यावरून आवाज किती स्वच्छ येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी कशाला सांगतोय! एकीचे सगळे दात ओंजळीत पडले होते आणि ती ते पेरत होती. एकीनं पाहिलं की गावातल्या सगळ्या चुली विझल्यात आणि विस्तव मागायला जावं तर घरांना दारंच नाहीत. एक म्हातारे तात्या यायचे, ते आधी चारी बाजूंना बघून घ्यायचे आणि मग पाण्याला हळूच सांगायचे की काल पुन्हा बैल माझ्याशी बोलला. बैल काय बोलला ते मात्र कधी सांगत नसत. मला त्यांचा फार राग यायचा. पाण्याला काही न गाळता सांगायचं असतं ना?

दुपारी कालव्याच्या चौकीवर बसून मी हे सगळं वहीत उतरवायचो. फाट्यावर दुपारी कोणी फिरकत नसे. पाण्याचा आवाज सतत कानात असायचा, उसाची पानं हलायची, समोर रस्त्यावर उन्हाचं खोटं पाणी चमकायचं, आणि आपण जागे आहोत की त्या माळावरच्या नऊ जणांत दहावे बसलो आहोत हे कळेनासं व्हायचं. एवढं सुख मला पुढं छापील पुस्तकांनीही दिलं नाही.

गोष्ट ऐकायला माझं एकच गिऱ्हाईक होतं. इंदापूरचे कापडवाले चाचा टट्टूवर गठ्ठा घालून गावोगाव फिरत आणि भाकरी खायला आमच्या चौकीच्या सावलीत थांबत. त्यांनी सगळी ऐकली, पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पाटकरी, जग बुडवलंत ते झ्याक बुडवलंत. पर ह्या नऊ मानसांत रडतंय कोन? येकालाबी कुनाची आठवन येत न्हाय व्हय?"

मला असा राग आला की मी त्यांना पुढच्या खेपेला पाणीसुद्धा विचारलं नाही. राग यायचं कारण उघड होतं. म्हाताऱ्यानं बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं.

आत्या आमच्याच घरात राहायची. तिला कऱ्हाटीला दिली होती. मानमोडीच्या, म्हणजे त्या मोठ्या तापाच्या साथीत एका आठवड्यात तिचा नवरा गेला आणि मागोमाग चार वर्षांची मुलगी गेली. त्या साली पाऊसही नव्हता. मुलीला कऱ्हेच्या कोरड्या वाळूत पुरलं, आणि पुढच्या पावसाळ्यात नदी आली तेव्हा ती जागाही राहिली नाही. फोटो आमच्यासारख्यांकडं कुठून असणार? आत्या अंगावरच्या लुगड्यानिशी भावाच्या घरी आली ती कायमची. आम्हा पोरांना तिनंच वाढवलं. जगबुडी म्हणतात ती आमच्या घरावरून एकदा जाऊन चुकली होती, तिच्यातून वाचलेली बाई रोज माझ्या ताटात भाकरी वाढत होती, आणि मी दिवटा ती वहीत शोधत बसलो होतो.

त्या चैत्रात आत्याला ताप आला आणि तापाच्या भरात ती आईपाशी बोलून गेली. गेलेली मुलगी तिच्या स्वप्नात यायची. सोळा वर्षं यायची. वाळूत पलीकडं उभी राहून बोलवायची. आईच्या तोंडचं पाणी पळालं. गेलेलं माणूस बोलवतं म्हणजे नेणार, यात तिला शंका नव्हती. ताप उतरल्यावर तिनं आत्याच्या मागं धोशा लावला, "वन्सं, पाटाला सांगून मोकळ्या व्हा."

"मोकळी हुन काय करू?" आत्या म्हणाली. "सांगितलं की ती यायची न्हाय. जागेपनी तिचं तोंड मला आठवत न्हाय, वैनी. निस्तं जावळ आठवतं. तोंड तेवढं सपनातच दिसतं."

आई ऐकेना. चार दिवस घरात हाच विषय. शेवटी आईनं मला मध्ये घातलं. मी आत्याला समजावलं, पुन्हा पुन्हा समजावलं. माझा त्या पाण्यावर विश्वास होता का? असेलही थोडा, शिकलेल्या माणसाचा असतो तेवढा. पण आज खरं सांगतो, मला ते स्वप्न ऐकायचं होतं. माझ्या नऊ माणसांत रडणारं कोणी नव्हतं. मी आत्याचा हात धरून तिला सकाळी पुलापाशी नेलं, तिचा पाय पाण्यात ठेवला आणि बाभळीमागं जाऊन उभा राहिलो.

 आत्या म्हणाली, "वाळू हाय. पांढरी. ऊन हाय पर गार लागतंय. पल्याड माझी पोर हुबी हाय. अंगावर काय न्हाय तिच्या, चिंधीबी न्हाय. दोनी हात काखंत घालून हुबी हाय. म्हनती, आये, थंडी वाजती. आये, ये की. मी चालतिया, चालतिया, वाळू सरत न्हाय." एवढंच. तिनं चूळ भरली आणि ती घरी निघाली. मागं बघायचं नसतं, म्हणून तिनं पदर डोळ्यांवर ओढून धरला होता.

त्याच दुपारी मी माळावर दहावं माणूस आणून बसवलं, एक बाई, आणि तिच्या तोंडी आत्याचं स्वप्न घातलं. सगळं जसंच्या तसं. फक्त एका जागी हात अडला. पोर उघडी, थंडीनं आखडलेली, हे माझ्यानं लिहवेना. कशामुळं कोण जाणे. चाचांच्या गठ्ठ्यात त्या दिवशी वरच पिवळं कापड होतं, हिरव्या काठाचं. मी तिला पिवळा परकर घातला, हिरवा काठ लावला, आणि थंडी खोडून टाकली. वाचून पाहिलं. गोष्टीत जीव आला होता. मी इतका खूश झालो की संध्याकाळी मुलीला खांद्यावर घेऊन कालव्याच्या भरावावरून फिरवून आणलं.

स्वप्न बंद झालं. पाण्यानं आपलं काम केलं म्हणून आई निश्चिंत झाली. आत्या मात्र सकाळी उठली की पायरीवर बसून राहायची आणि माझ्याकडं बघून मान हलवायची. आली नाही. पूर्वी दिवसा कधी पाठ न टेकणारी बाई आता दुपारचीसुद्धा जाऊन आडवी व्हायची, एखाद्या डुलकीत तरी भेटेल म्हणून. कालवणात मीठ पडेना. माझ्या मुलीच्या तोंडाकडं टक लावून बघायची आणि आपल्या पोरीचं तोंड असं होतं की तसं, हे हवेत बोटानं काढायची. असा महिना गेला असेल. एका सकाळी ती फाट्यावर माझ्यापाशी आली.

"पाटाचं पानी कुठं जातं रं?"

"खाली. रानात."

"पार शेवटी?"

"शेवटी बी रानातच."

"मला दाव."

आम्ही निघालो. पाटाच्या कडेकडेनं पाऊलवाट होती. मी पुढं, ती मागं. पाणी आमच्याबरोबर चालत होतं, आमच्याहून थोडं पुढं. आधी ऊस होता, दोन्ही अंगांनी उंच, आणि मध्ये आभाळाची पट्टी. तीच खाली पाण्यात. चालता चालता वाटायचं की आपण आभाळावरून चाललो आहोत आणि ऊस उलटा वाढला आहे. कुठं पेरूच्या बागा लागल्या, कुठं वांग्यांचे वाफे. बगळे उठायचे आणि पुढं जाऊन पुन्हा बसायचे, जणू तेच वाट दाखवत होते. वाटेत कोणी रानात पाणी वळवायला दारं धरणारा भेटला की विचारायचा, पाटकरी, आज आत्याला घेऊन कुणीकडं? मी म्हणायचो, पाट दाखवतोय. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. आत्या मात्र प्रत्येक दारापाशी थांबायची, रानात वळलेलं पाणी बघायची आणि मला विचारायची, "हिकडं तर गेलं नसंल?" मी सांगायचो, "न्हाय, ते त्या दिवशी बंद हुतं." कुठलं दार उघडं होतं आणि कुठलं बंद, हे मला खरंच आठवत नव्हतं.

पाट पुढं अरुंद होत गेला, मग उथळ झाला. शेवटी तो एका उसाच्या रानात शिरला आणि संपला. तिथं पडणं नाही, खळखळ नाही. पाणी सरीत पसरत होतं आणि माती ते पीत होती. आत्या खाली बसली. तिनं ओल्या मातीवर हात ठेवला.

"हितं?"

"हितंच."

"मंग आता?"

 मला तिची कीव आली आणि स्वतःची किळस आली, दोन्ही एकदम. मी खिशातली वही काढली आणि सांगून टाकलं की मी बाभळीमागून ऐकलं होतं आणि लिहून ठेवलं होतं. वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. आत्या वहीकडं बघत म्हणाली, "वाच."

मी वाचायला लागलो. वाळू आली, ऊन आलं, पलीकडं उभी पोर आली. मग पिवळा परकर आला, हिरव्या काठाचा. आत्या म्हणाली, "थांब." मी थांबलो. "पिवळा?" तिनं विचारलं.

आता खरं सांगायची वेळ होती. मी म्हणालो, "व्हय. तूच म्हनालीस पाटाला."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. उसात वारा शिरला आणि निघून गेला. मग ती म्हणाली, "पुन्यांदा वाच." मी दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. ऊन उतरेपर्यंत ती मला तेवढंच पान वाचायला लावत होती. परतीच्या वाटेवर ती पुढं होती आणि मी मागं.

चार दिवसांनी मी तोंड धूत होतो, तेव्हा ती मागं येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आली हुती." आणि मग, "परकर घालून."

तिचा चेहरा इतका उजळला होता की मी पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून राहिलो. आईला तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नाही. कालवणात मीठ पडू लागलं. कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं ती मला खूण करायची की आली होती. घरात सगळं ठाकठीक होतं, आणि माझी झोप गेली होती. मी त्या बाईच्या आठवणीत हात घालून एक खोटी गोष्ट ठेवली होती, आणि खरी पाण्याबरोबर रानात मुरून गेली होती. तिच्याजवळ मुलीचं एवढंच तर उरलं होतं, आणि तेही मी भेसळ करून दिलं. गोष्ट पुढं लिहवेना. दहा माणसं माळावर तशीच बसून राहिली.

अशी दोन वर्षं गेली. मुलगी माझी तीन वर्षांची झाली. एका सकाळी चाचांचं टट्टू दारात थांबलं. त्यांनी ओट्यावर गठ्ठा सोडला, आणि आत्यानं मुलीच्या परकरासाठी कापडं चाळायला घेतली. लाल बाजूला केलं, निळं बाजूला केलं, आणि खालून पिवळं ओढून काढलं. त्याला काठ हिरवाच होता. चाचा टट्टूला पाणी दाखवायला हौदाकडं गेले, आई आत होती. मला एकाएकी सगळं असह्य झालं.

"आत्ये," मी म्हणालो, "तो परकर मी घातला हुता. तू पाटाला सांगितलंस त्यात न्हवता. मी खोटं बोललो."

आत्या कापडाचा पोत बोटांनी बघत होती. ती थांबली नाही.

"मला म्हाईत न्हाय व्हय?" ती म्हणाली. "माझं सपान, अन् मला कळंना?"

 ती कापडावरून हात फिरवत बोलत राहिली, माझ्याशी की कापडाशी कोण जाणे.

"मालक गेलं तवा त्यांच्यावर माझं दुसरं लुगडं घातलं. तिसऱ्या दिशी ही गेली. घरात चिंधी न्हवती, लढाईच्या म्हागाईत त्या साली कुनाच्याच घरात कापाड न्हवतं. अंगावरच्या लुगड्याचा हातभर पदर फाडला असता तरी झालं असतं. मानसं थांबली हुती. मी न्हाय फाडला. तापात हुते म्हनून म्हन, सुचलं न्हाय म्हन. तशीच दिली वाळूत." तिनं कापडाची घडी उलगडली. "सोळा वरसं पोर थंडीनं आखडून हुबी हुती. मग पानी घेऊन गेलं तवा मला वाटलं, आता ती कुठंतरी तशीच उघडी हिंडत असंल, अन् मला दिसायचीबी न्हाय. अन् तू वाचून दावलास, पिवळा परकर. तू घातलास तिला, लेका. आता येती ती थंडी वाजती म्हनत न्हाय. निस्ती खेळती."

चाचा हौदावरून परत आले. त्यांनी कापड ओट्यावर पसरलं, कोपरापासून बोटांपर्यंत माप धरलं आणि मुलीच्या उंचीकडं नजर टाकून विचारलं, "येवढं फाडू का?"

"फाडा," आत्या म्हणाली. "हातभर जादा फाडा."